पक्षाघातानंतरचा हात आणि नाडीचा हिशेब

दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन पाळला जातो. त्या दिवशी वृत्तपत्रांतून लेख येतात, रुग्णालयांच्या आवारात फलक लागतात आणि एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट लोकांच्या मनावर पुन्हापुन्हा ठसविली जाते. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, की क्षणाचाही विलंब न लावता रुग्णाला रुग्णालयात न्यावे. हा उपदेश शंभर टक्के योग्य आहे. मेंदूतील रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यास अपंगत्व टळू शकते, हे १९९५ साली अमेरिकेतील चाचणीने दाखवून दिले. २००८ साली युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढविली. २०१५ साली पाठोपाठ प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी, मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी नळीवाटे बाहेर ओढून काढण्याच्या उपचाराला मान्यता मिळवून दिली. वैद्यकशास्त्राच्या अलीकडच्या इतिहासात इतकी लखलखीत प्रगती फार थोड्या क्षेत्रांत झाली असेल.

परंतु या साडेचार तासांच्या पलीकडे काय, हा प्रश्न त्या दिवशी सहसा कोणी विचारत नाही. जगात दरवर्षी सुमारे एक कोटी वीस लाख लोकांना पक्षाघाताचा नवा झटका येतो. त्यांतील बहुसंख्य लोक जगतात, आणि जगणाऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येला हाताचे दुबळेपण घेऊन जगावे लागते. गुठळीवरचा उपचार काही तासांत संपतो; हाताचे पुनर्वसन काही महिने चालते. पहिल्या भागासाठी आपल्याकडे यंत्रे आहेत, घड्याळे आहेत, मिनिटामिनिटाची नोंद आहे. दुसऱ्या भागात मात्र रुग्णाने किती श्रम केले, त्याचा हात किती वेळा हलला, त्या श्रमाने त्याच्या हृदयाला काही काम पडले की नाही, याची नोंद जवळजवळ कोठेच होत नाही. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिली जाते. व्यायामाची मात्रा मात्र 'व्यायाम चालू ठेवा' एवढ्या तीन शब्दांत उरकली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय हा न लिहिलेला आकडा आहे.

तीन पाहण्या, एक निष्कर्ष

पक्षाघाताच्या रुग्णाचा दिवस नेमका कसा जातो, हे मोजून पाहण्याचा उद्योग गेल्या काही दशकांत थोड्या संशोधकांनी केला. त्यांच्या तीन पाहण्या मुद्दाम लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली पाहणी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरातील रुग्णालयांची. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, झटका आल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतील रुग्णांचे दिवसभर निरीक्षण करण्यात आले. दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ रुग्ण खाटेवर पडून होते. ज्या हालचालींनी काही उपयोग व्हावा अशा हालचालींत फक्त तेरा टक्के वेळ गेला, आणि साठ टक्के वेळ रुग्णाजवळ कोणीच नव्हते. ही सुसज्ज, खास पक्षाघातासाठी उभारलेल्या विभागांची स्थिती होती, हे विसरता कामा नये.

दुसरी पाहणी अमेरिकेची, २००९ सालची. उपचाराच्या एका बैठकीत रुग्णाच्या दुबळ्या हाताकडून एखादे उपयोगाचे काम किती वेळा करवून घेतले जाते, याची मोजणी तीत झाली. सरासरी आली बत्तीस. पेला उचलणे, वस्तू पकडणे, पुढे सरकविणे अशा हालचाली बत्तीस वेळा झाल्या की बैठक संपली. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या मेंदूत नवी जोडणी निर्माण होताना दिसते ती एका बैठकीत चारशे ते सहाशे आवर्तने केल्यानंतर. बत्तीस आणि चारशे यांच्यातील अंतर हे केवळ आकड्यांचे अंतर नव्हे. उपचार आणि उपचाराचा उपचार यांच्यातील ते अंतर आहे.

तिसरी पाहणी आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाते. कॅनडातील हॅलिफॅक्स येथील दोन संशोधकांनी पुनर्वसन चालू असलेल्या रुग्णांच्या छातीवर ठोके मोजणारे उपकरण लावले आणि भौतिकोपचाराच्या व व्यवसायोपचाराच्या संपूर्ण बैठकांत त्यांच्या हृदयाची गती नोंदविली. २००२ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. हृदयाला व रक्ताभिसरणाला खऱ्या अर्थाने व्यायाम घडावा एवढ्या पातळीवर ठोके गेले, तो वेळ भौतिकोपचाराच्या बैठकीत सरासरी २.८ मिनिटे होता. व्यवसायोपचाराच्या बैठकीत, म्हणजे जेथे प्रामुख्याने हाताचे काम चालते तेथे, तो ०.७ मिनिट होता. पाऊण मिनिटाहूनही कमी! रुग्ण जसजसा सुधारत गेला तसतसा हा वेळ लक्षणीय वाढला, असेही दिसले नाही.

या तिन्ही पाहण्या श्रीमंत देशांतील आहेत, आणि त्या तिन्ही एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवितात. पुनर्वसन या नावाखाली जे चालते त्यात रुग्णाचा वेळ जातो, पण श्रम पडत नाहीत.

नाडी काय सांगते?

ठोक्यांचा हा हिशेब करतात कसा, हे समजून घेणे अवघड नाही. १९५७ साली फिनलंडमधील मार्ती कार्वोनेन या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचा पाया घातला. विश्रांतीच्या वेळची नाडी आणि माणसाला गाठता येणारी कमाल नाडी, या दोहोंतील फरक म्हणजे हृदयाची शिल्लक. व्यायाम किती तीव्र आहे हे ठरते ते या शिलकीपैकी किती टक्के वापरली गेली यावरून. कमाल नाडी प्रत्यक्ष चाचणीने मोजणे उत्तम. ते शक्य नसेल तर २२० या आकड्यातून वय वजा करण्याची ढोबळ रीत आहे. तीत दहा-बारा ठोक्यांची चूक सहज होऊ शकते, हे ध्यानात ठेवूनच ती वापरावयाची.

उदाहरणादाखल साठ वर्षांचा एखादा निवृत्त शिक्षक घ्या. त्याची विश्रांतीची नाडी मिनिटाला ७६ आहे. कमाल नाडी अंदाजे १६०. शिल्लक झाली ८४. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली पक्षाघातग्रस्तांसाठी जी शिफारस केली तीत या शिलकीच्या चाळीस ते सत्तर टक्के एवढ्या तीव्रतेचा व्यायाम, आठवड्यातून तीन ते पाच दिवस, वीस ते साठ मिनिटे करावा, असे म्हटले आहे. म्हणजे या शिक्षकाची नाडी व्यायामाच्या वेळी सुमारे ११० ते १३५ यांच्या दरम्यान असावयास हवी. तो खुर्चीत बसून लाकडी ठोकळे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकीत असेल आणि त्याची नाडी नव्वदीतच घुटमळत असेल, तर त्याच्या बोटांना थोडा सराव झाला, पण हृदयाला काहीच कळले नाही, असा त्याचा अर्थ.

येथे कोणी विचारील की, प्रश्न हाताचा आहे, मग हृदयाला कामाला लावण्याचे प्रयोजन काय? याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, पक्षाघात हा मेंदूत प्रकट होणारा असला तरी मूलतः रक्तवाहिन्यांचा विकार आहे. ज्या रक्तदाबाने, मधुमेहाने, तंबाखूने मेंदूतील वाहिनी बंद पाडली, तीच कारणे हृदयाच्या वाहिन्यांतही काम करीत असतात. अमेरिकेत दर चार झटक्यांपैकी सुमारे एक झटका हा आधी एकदा येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा आलेला असतो. हात सुधारला आणि सहा महिन्यांनी दुसरा झटका आला, तर त्या सुधारणेला अर्थ काय राहिला?

दुसरे उत्तर रोजच्या जगण्याशी निगडित आहे. स्वतःची कामे स्वतः करीत स्वतंत्रपणे राहावयाचे असेल तर शरीराला दर मिनिटाला, दर किलो वजनामागे सुमारे पंधरा ते अठरा मिलिलिटर प्राणवायू वापरण्याची क्षमता लागते. पक्षाघातानंतर ही क्षमता आठ ते बावीस यांच्या दरम्यान आढळते. म्हणजे अनेक रुग्ण या उंबरठ्याच्या खालीच असतात. त्यांना अंघोळ करणे, कपडे घालणे, जिना चढणे हाच कमाल श्रम ठरतो. घरातील माणसे म्हणतात, 'हात हलतो, तरी काही करीत नाहीत. आळस भरला आहे.' वास्तविक तो आळस नसतो. शरीराचा रोजचा खर्चच त्याच्या मिळकतीएवढा झालेला असतो.

हाताची गोष्ट निराळी

तरीही पायांच्या व्यायामाचे गणित हाताला जसेच्या तसे लावता येत नाही. हाताचे स्नायू लहान असतात. पायाने सायकल मारून माणूस जेवढा प्राणवायू वापरू शकतो, त्याच्या सुमारे सत्तर टक्केच तो हाताने चाक फिरवून वापरू शकतो. उलट, एकाच मापाचे काम पायाऐवजी हाताने केले तर ठोके आणि रक्तदाब दोन्ही अधिक वाढतात. त्यातून मूठ आवळून, श्वास रोखून जोर लावला तर रक्तदाब झपाट्याने चढतो. ज्याला नुकताच पक्षाघात होऊन गेला त्याच्या बाबतीत ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणून हाताच्या व्यायामात नाडी मोजणे आवश्यक आहे ते दुहेरी कारणासाठी. श्रम कमी पडत आहेत का हे तीवरून कळते, आणि ते हद्द ओलांडीत आहेत का हेही तीवरूनच कळते.

आणखी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हाताचे कौशल्य परत येते ते आवर्तनांनी. दमसास वाढतो तो तीव्रतेने. ही दोन चलने निराळी आहेत. रुग्ण बटण लावण्याचा सराव तासभर करील, मनाने थकून जाईल, बोटे दुखतील, पण नाडी वाढणार नाही. उलट दोन्ही हातांनी चाक फिरवून तो घामाघूम होईल, पण बटण लावता येणार नाही. चांगल्या पुनर्वसनात दोन्ही लागतात, आणि दोहोंचा हिशेब निराळा ठेवावा लागतो. ज्यांना चालताच येत नाही अशा रुग्णांच्या बाबतीत तर हात हेच हृदयापर्यंत पोहोचण्याचे जवळचे साधन असते.

उत्साहाला लगाम

एवढे वाचल्यावर, मग रुग्णाला जितके दमवावे तितके चांगले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो घातक ठरेल. आणि तसे सांगणारा पुरावाही भक्कम आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पाच देशांतील ५६ केंद्रांमधील २,१०४ रुग्ण सहभागी झाले. त्यांतील निम्म्या रुग्णांना झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत उठवून अधिक वेळा, अधिक प्रमाणात हालचाल करावयास लावली. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा, चांगली सुधारणा झालेल्यांचे प्रमाण या गटात ४६ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या गटात ५० टक्के आढळले. घाई अंगाशी आली. या चाचणीमागील प्रेरणा मेलबर्नच्या त्या निष्क्रियतेच्या पाहणीतूनच आली होती, हे विशेष. पहिल्या दिवशीचा श्रम आणि तिसऱ्या आठवड्यातील श्रम यांचा परिणाम एक नसतो, हा धडा त्यातून मिळाला.

आवर्तनांच्या बाबतीतही असाच एक धडा २०१६ साली मिळाला. ज्या अमेरिकन संशोधकांनी बत्तीसचा आकडा मोजला होता त्यांनीच, झटका येऊन सहा महिने वा अधिक काळ लोटलेल्या ८५ रुग्णांना वेगवेगळ्या मात्रांत हाताचा सराव दिला. काहींना एकूण ३,२०० आवर्तने, काहींना ६,४००, काहींना ९,६००, तर काहींना जमतील तितकी. सर्व गटांत थोडीफार सुधारणा झाली, परंतु अधिक आवर्तने म्हणजे अधिक सुधारणा, असा संबंध दिसून आला नाही. स्वतःच्या गृहीतकाला अनुकूल नसलेला निष्कर्ष तसाच प्रसिद्ध करणाऱ्या या संशोधकांचे कौतुकच केले पाहिजे. त्याच सुमारास, हातात यंत्र धरून पडद्यावर खेळावयाच्या खेळांची तुलना पत्ते, डोमिनो यांसारख्या साध्या करमणुकीशी करण्यात आली. १४१ रुग्णांच्या त्या चाचणीत दोहोंत फरक आढळला नाही. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर यंत्रमानवाच्या साहाय्याने हाताचा सराव देण्याची मोठी चाचणी झाली. २०१९ साली तिचा निकाल लागला, तो असा की नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या कार्यक्षमतेत अधिक सुधारणा दिसली नाही. लाखो रुपयांची यंत्रे मांडून पुनर्वसन केंद्र 'अद्ययावत' झाल्याची जाहिरात करणाऱ्यांनी हे निकाल आवर्जून वाचावेत.

याच्या उलट बाजूचेही दाखले आहेत. निरोगी हाताला मोजा घालून तो बांधून ठेवावयाचा आणि दुबळ्या हाताकडूनच दोन आठवडे दिवसाचे कित्येक तास काम करवून घ्यावयाचे, या पद्धतीची चाचणी अमेरिकेत २२२ रुग्णांवर झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार झालेली सुधारणा वर्षभर टिकली. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात तीन आठवड्यांत नव्वद तास हाताचे उपचार दिले जातात. तेथील २२४ रुग्णांचा अनुभव २०१९ साली प्रसिद्ध झाला, आणि जुन्या रुग्णांतही लक्षणीय सुधारणा झाल्याचे दिसले. तुलनेसाठी दुसरा गट तेथे नव्हता, ही त्या अनुभवाची मर्यादा मान्य करूनही तो दुर्लक्षणीय ठरत नाही.

या परस्परविरोधी वाटणाऱ्या निकालांतून तात्पर्य काय निघते? 'अधिक' हे उत्तर पुरेसे नाही. 'किती, केव्हा आणि कोणाला' हा प्रश्न आहे. आणि ज्याची मोजणी होत नाही त्याबद्दल हा प्रश्न विचारताच येत नाही. नाडीचे महत्त्व येथे आहे. ती काही रामबाण मोजपट्टी नव्हे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके औषधामुळेच दबलेले राहतात. ज्याच्या हृदयाची लय बिघडली आहे त्याची नाडी भलताच आकडा दाखविते. अशा रुग्णांसाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली, श्रम किती वाटतात हे सहा ते वीस या अंकांत सांगण्याची पद्धत वापरतात. पक्षाघातानंतर अकरा ते चौदा या अंकांच्या दरम्यान श्रम असावेत, अशी शिफारस आहे. पण पक्षाघाताने ज्याची वाचाच हिरावून घेतली तो अंक कसा सांगणार? तेथे पुन्हा मनगटावर बोटे ठेवून नाडीलाच विचारावे लागते. एक साधन अपुरे पडेल तेथे दुसरे वापरावे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

आपल्या घरची स्थिती

पुनर्वसनशास्त्रात महाराष्ट्र मागासलेला होता, असे मुळीच नाही. उलट १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, ती आशियातील अशा शिक्षणाची सुरुवात मानली जाते. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि निंबकर घराण्यात येऊन येथल्याच झालेल्या या बाईंनी, माणसाला कामातून बरे करण्याचे शास्त्र या मातीत रुजविले. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिकचिकित्सा व पुनर्वसन संस्था मुंबईत हाजीअलीला उभी राहिली. एवढा जुना वारसा असूनही आज तालुक्याच्या गावी पक्षाघात झालेल्या शेतकऱ्याला हाताच्या उपचारासाठी कोठे जावे, हे सांगता येत नाही. बहुधा तो तेल लावून मालीश करून घेतो आणि दाराच्या चौकटीला कप्पी बांधून चांगल्या हाताने दुबळा हात डोक्यावर ओढीत बसतो. ही कप्पी तर निरुपद्रवीही नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन चाचणीत, कप्पीचा व्यायाम करणाऱ्यांपैकी ६२ टक्के रुग्णांना खांदेदुखी जडली. प्रशिक्षित उपचारकाने हळुवारपणे हात हलविला त्या गटात हे प्रमाण आठ टक्के होते. तेव्हापासून कप्पी टाळावी असे तज्ज्ञ सांगत आले आहेत, पण दाराची कप्पी काही उतरत नाही.

उपचारकांची वाण आहे, तर मग घरच्या माणसांनाच शिकवावे, असा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. त्याची कसोटीही भारतातच, आणि मोठ्या प्रमाणावर लागली. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या कुटुंबीयांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण देण्यात आले. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. घरच्यांची माया कमी पडली असा याचा अर्थ कोणी काढू नये. मायेने मात्रा ठरत नाही, एवढाच याचा अर्थ आहे. पुनर्वसनाचा भार कुटुंबावर टाकणे म्हणजे आपल्या समाजात तो बहुतेक वेळा पत्नीवर, सुनेवर किंवा लेकीवर टाकणे होय. ज्या उपायाने रुग्णाचा लाभ सिद्ध होत नाही आणि बाईचे श्रम मात्र निश्चित वाढतात, त्याला धोरण म्हणता येणार नाही.

मग शासनाचे धोरण काय आहे? प्रधानमंत्री जन आरोग्य योजना काय किंवा महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची राज्याची योजना काय, दोहोंचा आधार रुग्णालयातील खाट हा आहे. केंद्राच्या योजनेत घरी गेल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च धरला जातो. हाताची बहुतांश सुधारणा मात्र पहिल्या सुमारे तीन महिन्यांत होते. म्हणजे हात सुधारण्याचा काळ चालू असतो तेव्हा योजनेचा काळ संपलेला असतो. गुठळी काढण्याचा खर्च द्यावयाचा आणि हात चालता करण्याचा खर्च नाकारायचा, हा हिशेब केवळ अमानुषच नव्हे तर आतबट्ट्याचाही आहे. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात कर्करोग, मधुमेह व हृदयविकार यांच्या जोडीने पक्षाघाताचाही उल्लेख होता. २०२३ साली त्या कार्यक्रमाचे असंसर्गजन्य रोगांचा कार्यक्रम असे नामकरण झाले. नावातून शब्द गेला म्हणून बिघडत नाही. कामातून जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. भौतिकोपचारक व व्यवसायोपचारक यांच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियमन करणारा कायदा संसदेने २०२१ साली केला. त्याची अंमलबजावणी करा, असे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना बजावावे लागले. यावरून आपल्या घाईची कल्पना यावी.

याच काळात ब्रिटनने काय केले ते पाहण्यासारखे आहे. तेथे पूर्वी प्रत्येक उपचाराची रोज पंचेचाळीस मिनिटे ही शिफारस होती. २०२३ साली ती बदलून, ज्याला गरज आहे त्याला आठवड्यातून किमान पाच दिवस, रोज किमान तीन तास पुनर्वसन मिळावे, अशी करण्यात आली. तेथेही ते सर्वांना मिळते असे नाही. पण निदान कशाच्या तुलनेत कमी मिळते, हे नागरिकाला सांगता येते. आपल्याकडे तक्रार करावयासही आकडा नाही.

करता येण्याजोगे

यातील बऱ्याच गोष्टींना मोठा पैसा लागत नाही. नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणावयास यंत्र लागत नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. पुनर्वसनाच्या प्रत्येक बैठकीच्या नोंदवहीत चार रकाने सक्तीचे करावेत: विश्रांतीची नाडी, व्यायामातील सर्वोच्च नाडी, रक्तदाब, आणि दुबळ्या हाताची आवर्तने. औषधाच्या तक्त्याप्रमाणे हा तक्ता रुग्णाबरोबर घरी जावा. कोणत्या नाडीपर्यंत जावे, कोठे थांबावे, हे सुट्टी देताना डॉक्टरांनी व उपचारकांनी त्यावर लिहून द्यावे. छातीत दुखले, चक्कर आली, दम कोंडला तर ताबडतोब थांबावे, हेही लिहावे. सार्वजनिक विमा योजनांनी पहिल्या तीन महिन्यांतील ठरावीक बैठकांचा खर्च, खाटेची अट न घालता, उचलावा. उपजिल्हा रुग्णालयात एक भौतिकोपचारक व एक व्यवसायोपचारक ही पदे केवळ मंजूर नव्हे, तर भरलेली असावीत.

या पानाच्या वाचकांपैकी पुष्कळांचे पोट हातावरच आहे. खडू धरणारा शिक्षक, टंकलेखन करणारा कारकून, तीन तास उत्तरपत्रिका लिहिणारा विद्यार्थी, या सर्वांचा हात म्हणजे त्यांचा व्यवसायच. त्यांना एक गोष्ट माहीत असावी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्यातील विसाव्या कलमानुसार, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही, किंवा त्याचा दर्जाही घटविता येत नाही. पहिले काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतील दुसरे काम त्याला दिले पाहिजे. पक्षाघातानंतर घाबरून, अथवा साहेबाच्या सांगण्यावरून, राजीनामा लिहून देणाऱ्यांनी आधी हे कलम वाचावे. कायद्याने नोकरी टिकते. परंतु हात टिकविण्याची जबाबदारी कायदा घेत नाही. ती आरोग्ययंत्रणेने घ्यावयाची आहे.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर रुग्णालयात नेण्यास किती मिनिटे लागली, हे आज आपण विचारू लागलो आहोत. हेही काही दशकांपूर्वी आपल्याकडे कोणी विचारीत नव्हते. आता पुढचा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. व्यायामाच्या तासात हात किती वेळा हलला आणि नाडी कोठवर गेली? याचे उत्तर ज्या दिवशी प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लिहिलेले आढळेल, त्या दिवशी पुनर्वसन हा उपकार न राहता उपचार होईल.